संघ कुणाच्या जिवावर उभा असतो?

गेल्या अंकात मी मेलबर्न रेबल्स हा ऑस्ट्रेलियातला रग्बी संघ बंद पडल्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर खानदेशातून इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. कुणाचा मुलगा तिकडे आहे, कुणी रात्री टीव्हीवर सामने बघतं, कुणी स्वतः रग्बी खेळतं. या वेळी सगळी जागा त्याच प्रश्नांना देतो.

प्रश्न : आप्पा, माझा आंडोर फिजिओथेरपी शिकून मेलबर्नला राहतो. शनिवार-रविवारी तिथल्या एका रग्बी क्लबात खेळाडूंच्या गुडघ्या-खांद्यांची देखभाल करतो. त्याला मोठ्या संघात नोकरी हवी आहे. तिथला मोठा संघ बंद पडला, हे तोच सांगतो आणि त्याच वाटेने जायचंही म्हणतो. मला त्या खेळातलं काही कळत नाही. माय म्हणून विचारते, यात पोराचं पोट भरेल का? बाकीचे संघ तरी टिकतील का?
— एक आई, चोपडा

उत्तर : ताई, आधी थेट उत्तर देतो, कारणं मागून सांगतो. मुलाच्या हातात जी विद्या आहे, तिच्यावर त्याचं पोट नक्की भरेल. एखाद्या संघावर भरेलच, अशी हमी आज तिथे कुणी देऊ शकत नाही.

रेबल्सचं काय झालं ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या मुलाच्या स्वप्नाचा पत्ताच तो आहे. रग्बी युनियन हा खेळ १९९५ पर्यंत कागदोपत्री हौशी होता. खेळण्याचे पैसे घेणं नियमात बसत नव्हतं. त्या वर्षी बंदी उठली आणि १९९६ पासून ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी मिळून सुपर रग्बी ही स्पर्धा सुरू केली. ऑस्ट्रेलियाचे त्यात तीन संघ होते. सिडनीचा वाराटाज, ब्रिस्बेनचा रेड्स आणि कॅनबेराचा ब्रंबीज. २००६ ला पर्थचा वेस्टर्न फोर्स आला आणि २०११ ला मेलबर्नचा रेबल्स.

मेलबर्न हे रग्बीचं गाव नव्हे. तिथे ऑस्ट्रेलियन फुटबॉल चालतो, मोठ्या लांबट गोल मैदानावर हातापायांनी खेळायचा त्यांचा स्वतःचा खेळ. त्याच्या राष्ट्रीय लीगमधल्या १८ संघांपैकी ९ एकट्या मेलबर्न शहरातले आहेत. आजोबा ज्या संघाचे, त्याच संघाचा नातू, अशी तिथली रीत. अशा गावात नवा खेळ रुजवायचा तर शाळाशाळांतून पोरं तयार करावी लागतात आणि त्याला एक पिढी जाते. रेबल्सचे मात्र मालकच बदलत राहिले. आधी खासगी, मग राज्याची रग्बी संघटना, २०१५ ला पुन्हा खासगी. २०१७ ला तोच संघ राज्य संघटनेकडे परत गेला तो एका डॉलरला. कागदावर किंमत हवी म्हणून एक डॉलर. एका संघाची, त्यातल्या खेळाडूंची, पाठीराख्यांची किंमत एवढीच लिहिली गेली, हे वाचून मी बराच वेळ ते पान उलटलं नव्हतं.

जानेवारी २०२४ मध्ये संघ चालवणारी कंपनी प्रशासकांच्या, म्हणजे कर्जात बुडालेली कंपनी सांभाळायला नेमलेल्या माणसांच्या, ताब्यात गेली. देणी २ कोटी ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात, त्यातला मोठा हिस्सा कर खात्याचा. कार्यालयातल्या काही माणसांना तेव्हाच घरी बसावं लागलं. खेळाडू मात्र खेळत राहिले. पुढच्या वर्षी आपला संघ असेल की नाही हे माहीत नसताना ते फेब्रुवारीपासून दर आठवड्याला मैदानात उतरत होते. ३० मेला रग्बी ऑस्ट्रेलिया या राष्ट्रीय संघटनेने जाहीर केलं की २०२५ मध्ये रेबल्स नसेल. आणि नेमका त्याच हंगामात हा संघ सुपर रग्बी पॅसिफिकच्या, म्हणजे त्याच स्पर्धेच्या नव्या रूपाच्या, बाद फेरीत पहिल्यांदा पोहोचला होता! ८ जूनला न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमध्ये हरिकेन्सविरुद्ध उपांत्यपूर्व सामना झाला, ४७-२० ने हरले, आणि संघ संपला.

ताई, खेळाचा मास्तर म्हणून मला सगळ्यात जास्त लागतं ते हे. चांगले खेळलात तर टिकाल, असं आम्ही पोरांना आयुष्यभर सांगत आलो. इथे पोरं बाद फेरी गाठून खेळत होती.

हे मला नवं नाही. माझ्या तरुणपणी आमच्या गावच्या कापडगिरणीचा कबड्डीचा संघ होता. मी बदली कामगार म्हणून लागलो तो त्या संघामुळे. संध्याकाळच्या सरावासाठी खेळाडूंना पाळीतून लवकर सोडत, जॉबर कुरकुर करायचा पण सोडायचा. मैदान गिरणीच्या भिंतीला लागून होतं. माती चाळून, खडे वेचून, पाणी मारून ते आम्हीच तयार करायचो आणि चुन्याची रेघ ताणा खात्यातल्या सुताच्या दोरीने सरळ आखायचो. सरावानंतर कँटीनमधून गूळ-शेंगदाणे मिळत. छातीवर गिरणीचं नाव असलेला बनियन घालून आम्ही धुळ्या-जळगावला स्पर्धेला निघालो की स्टेशनापर्यंत सोडायला माणसं येत. मग गिरणीचे साचे एकेक करून थांबायला लागले. एक दिवस भोंगा वाजला नाही. संघ बंद झाल्याची नोटीस कुणी लावली नाही, तशी गरजच नव्हती. आमचा सगळ्यात चपळ चढाईवाला रावेरकडे केळीच्या गाड्या भरायला गेला. दुसरा सुरतला. मी शिक्षणशास्त्राची पदवी घेऊन शाळेत लागलो म्हणून खेळाजवळ राहिलो. आमच्यात खेळायला कुणीच कमी नव्हतं. पण संघ गिरणीच्या खर्चाच्या वहीतली एक ओळ होता, आणि वही मिटली.

म्हणून मी कोणत्याही संघाबद्दल पहिला प्रश्न हाच विचारतो की हा कुणाच्या जिवावर उभा आहे? ज्याच्या जिवावर उभा, तो उद्या हटला तर मागे काय उरेल?

आता तुमच्या मुलाबद्दल. रेबल्स बंद पडल्यावर नावाजलेले खेळाडू सावरले. तानिएला तुपोऊ आणि अँड्र्यू केलवे सिडनीला वाराटाजकडे गेले, फिलिपो दाउगुनु ब्रिस्बेनला रेड्सकडे. कार्टर गॉर्डन हा तरुण खेळाडू तर रग्बी सोडून रग्बी लीगकडे वळला, तो वेगळाच खेळ आहे. म्हणजे खेळाडू उचलले जातात. पण संघाबरोबर फिजिओ असतो, व्यायाम प्रशिक्षक असतो, सामन्यांचं चित्रीकरण तपासणारा असतो, बूट-जर्सी सांभाळणारा असतो. या माणसांची नावं कुठल्या बातमीत येत नाहीत. चार संघ उरले, म्हणजे पूर्वी पाच ठिकाणी ज्या जागा होत्या त्या आता चार ठिकाणी, आणि त्यासाठी माणसं मात्र तेवढीच.

तरी तुमचा मुलगा इतरांपेक्षा सुरक्षित आहे. ऑस्ट्रेलियात फिजिओला त्यांच्या राष्ट्रीय मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आणि ती एकदा झाली की इस्पितळ, दवाखाना, वृद्धाश्रम, कुठेही काम करता येतं. ती नोंदणी त्याने काही झालं तरी चालू ठेवावी. आठवड्याचे दिवस दवाखान्यात आणि शनिवार-रविवार क्लबात, हा त्याचा आजचा क्रम वाईट नाही, उलट तोच पाया आहे. मोठ्या संघाची जागा आली तर जरूर घ्यावी, मन लावून करावी. पण करार किती काळाचा, संघ बंद पडला तर पगाराची जबाबदारी कुणाची, हे सही करण्याआधी विचारावं. विचारण्यात लाज नाही. आणि मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे नऊ संघ आहेत, रग्बी लीगचा स्टॉर्म हा भक्कम संघ आहे. गुडघा कुठल्या खेळात दुखावला, हे गुडघ्याला माहीत नसतं. त्याने दारं उघडी ठेवावीत.

आणि ताई, त्याला त्या वाटेने जाऊ द्या. ज्याला दुसऱ्याचा दुखावलेला खांदा जागेवर आणण्यात आनंद वाटतो, तो पोरगा वाया जात नाही.

प्रश्न : २०२५ च्या जुलैमध्ये ब्रिटिश अँड आयरिश लायन्सचा ऑस्ट्रेलियातला सामना मी पाहिला. मेलबर्नचं क्रिकेट मैदान खचाखच भरलं होतं. ज्या शहरात एवढी गर्दी जमते, तिथला संघ पैशाअभावी बंद पडतो हे गणित डोक्यात बसत नाही. मी बँकेत आयुष्य काढलं, ताळेबंद समजतो. समजावून सांगाल का?
— सेवानिवृत्त बँक कर्मचारी, देवपूर, धुळे

उत्तर : नाना, तुम्ही पाहिलेल्या त्या सामन्याला ९०,३०७ प्रेक्षक होते. पण ती गर्दी वॉलबीजची, म्हणजे राष्ट्रीय संघाची, आणि लायन्सची, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडच्या एकत्रित संघाची होती. हजारो लोक तर लाल जर्सी घालून ब्रिटन-आयर्लंडहून आले होते. लायन्स ऑस्ट्रेलियात बारा वर्षांतून एकदा येतात. २००१, २०१३, २०२५. त्या शहराचा रोजचा संघ त्याच्या वर्षभर आधीच बंद झाला होता आणि त्याच्या सामन्यांना ३० हजारांचं लहान मैदानसुद्धा भरत नसे.

ऑस्ट्रेलियन रग्बीचा ताळेबंद असा आहे. पैसा येतो मुख्यतः वरून, वॉलबीजच्या सामन्यांच्या तिकिटांतून, प्रक्षेपणाच्या हक्कांतून आणि प्रायोजकांकडून. तो रग्बी ऑस्ट्रेलियाकडे जमा होतो आणि तिथून अनुदान म्हणून राज्यांच्या संघांना मिळतो. संघांचा खर्च त्यांच्या स्वतःच्या कमाईपेक्षा जास्त आहे, तूट वरच्या अनुदानातून भरायची. आपल्याकडे एकाच विहिरीवर पाच मळे लावले की पहिल्या दोन सालांत काही कळत नाही, दुष्काळ पडला की कळतं. इथे दुष्काळ एकामागून एक पडले. २०२० ला कोरोना. मग २०२३ च्या विश्वचषकात वॉलबीज फिजीकडून हरले, वेल्सकडून ४०-६ ने हरले आणि इतिहासात पहिल्यांदा गटातच बाद झाले. १९९१ आणि १९९९ चा विश्वविजेता संघ तो. प्रशिक्षक एडी जोन्स पाच वर्षांच्या करारावर आले होते, वर्षही पुरं न करता गेले.

आकडे तुम्हाला आवडतील म्हणून देतो. २०२३ ला रग्बी ऑस्ट्रेलियाची तूट ९२ लाख डॉलर. २०२४ ला ३ कोटी ६८ लाख. २०२३ च्या अखेरीस त्यांनी एका गुंतवणूक कंपनीकडून ८ कोटी डॉलरपर्यंत उचल घेण्याची सोय करून घेतली होती. तारण काय होतं म्हणाल, तर पुढची आशा. २०२५ ला लायन्स येणार, २०२७ ला पुरुषांचा विश्वचषक आणि २०२९ ला महिलांचा विश्वचषक ऑस्ट्रेलियातच होणार. लायन्स आले, मालिका २-१ ने जिंकून गेले, पण तिजोरी भरून गेले आणि कर्ज फिटलं. बँकेच्या भाषेत, हंगामी पिकावर घेतलेलं कर्ज पीक आल्यावर फेडलं. त्यात गैर काही नाही. माझा प्रश्न पुढच्या सालांचा आहे. २०२७ चा विश्वचषक १ ऑक्टोबरला पर्थमध्ये सुरू होऊन १३ नोव्हेंबरला सिडनीत संपेल, २०२९ ला महिलांचा होईल, आणि लायन्स पुन्हा थेट २०३७ ला. २०३० ते २०३६ मध्ये मळे कोण भिजवणार?

नाईन या माध्यमसमूहाशी २०३० पर्यंतचा प्रक्षेपण करार झाला आहे, तेवढा आधार आहे. पण शेजारी बघा. ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा २०२५ ते २०३१ चा प्रक्षेपण करार साडेचार अब्ज डॉलरचा आहे. रग्बी लीगचाही अब्जांत आहे. ज्या सिडनी-ब्रिस्बेनमध्ये रग्बी युनियनची मुळं आहेत, तिथेच रग्बी लीगचा सर्वांत मोठा बाजार. धिप्पाड, वेगवान पोरगा अठरा वर्षांचा झाला की दोन्ही खेळांचे लोक त्याच्या दारात उभे राहतात, आणि बहुतेक वेळा लीगची थैली जड असते. कधी उलटंही घडतं. जोसेफ सुआलीई याला युनियनने लीगमधून मोठी रक्कम देऊन आणलं. तो पोरगा विलक्षण आहे, त्याच्या खेळावर माझा जीव आहे. पण एका खेळाडूला आणायला एवढा खर्च आणि त्याच काळात एक अख्खा संघ बंद, हा हिशेब मला पटलेला नाही आणि पटणारही नाही. संघटना म्हणते, तारा असेल तर तिकीट खपतं. मी म्हणतो, मेलबर्नच्या ज्या पोराने रेबल्सची जर्सी विकत घेतली होती, त्याला आता कुठलं तिकीट विकणार?

मूळ चूक मात्र आणखी मागे आहे. स्पर्धा वाढवताना दर वेळी विचार झाला तो प्रक्षेपणाचे तास किती वाढतील याचा. बारा संघ होते त्यांचे चौदा झाले, मग पंधरा, २०१६ ला थेट अठरा. त्यात अर्जेंटिनाचा एक, जपानचा एक. एका आठवड्यात संघ जोहान्सबर्गला, पुढच्या आठवड्यात ब्युनोस आयर्सला. घरचा प्रेक्षक पहाटे उठून सामना बघणार का? नाही बघितला. २०१८ ला पुन्हा पंधरावर आले. पुढे दक्षिण आफ्रिकेचे संघ युरोपच्या स्पर्धेत निघून गेले. २०२२ पासून फिजी आणि पॅसिफिक बेटांचे संघ घेऊन नव्याने मांडणी केली, तीही बारा संघांची. रेबल्स गेल्यावर अकरा उरले.

एवढं सगळं वर चाललं असताना खाली सिडनीचे जुने क्लब चालूच होते, काही शंभर वर्षांच्या पुढचे. शनिवारी दुपारी सामना, कडेला गवतावर घरची माणसं, खेळाडू सोमवारी कामावर. ते क्लब आणि सुपर रग्बी यांच्या मधली पायरी बांधायचे प्रयत्न झाले, २००७ ला एक स्पर्धा एकाच हंगामात गुंडाळली, दुसरी २०१४ ते २०१९ चालली आणि बंद झाली. मधली पायरी नसलेला जिना आहे हा खेळ तिथे.

फक्त ऑस्ट्रेलियातच हे घडलं असंही समजू नका. इंग्लंडमध्ये २०२२ ला वुस्टर आणि वॉस्प्स, २०२३ ला लंडन आयरिश, असे तीन मातबर क्लब एका वर्षाच्या आत कर्जाखाली बुडाले. खेळाडूंचे पगार वाढले त्या वेगाने प्रेक्षक वाढले नाहीत, ही तिन्हीकडची कथा.

नाना, उरलेल्या चारांबद्दल माझं मत विचाराल तर २०२७ पर्यंत कुणी हात लावणार नाही. घरी विश्वचषक असताना संघ बंद करण्याची नामुष्की कुठली संघटना ओढवून घेत नाही. वाराटाजचा कारभार २०२४ पासून राष्ट्रीय संघटनेनेच हाती घेतला आहे. ब्रंबीजनी मात्र तसा कारभार सोपवायला ठाम नकार दिला. कॅनबेरा लहान शहर, पाच लाखांच्या आत वस्ती, पण २००१ आणि २००४ अशी दोन विजेतेपदं ऑस्ट्रेलियात फक्त त्यांच्याकडे. स्वतःचं घर स्वतः चालवण्याचा त्यांचा हट्ट मला योग्य वाटतो. केंद्राकडे सगळं दिलं की खर्च वाचतो हे खरं. पण कुठला संघ ठेवायचा आणि कुठला कापायचा, हेही मग एकाच टेबलावर ठरतं.

प्रश्न : पर्थचा संघ २०१७ ला बंद केला होता आणि नंतर परत आला असं वाचलं. खाणमालकाने वाचवला म्हणे. मग मेलबर्नला असा धनी का मिळाला नाही? आणि हे रग्बी लीग आणि रग्बी युनियन काय प्रकरण आहे?
— रेल्वे कर्मचारी, भुसावळ

उत्तर : दुसरं आधी, कारण ते थोडक्यात होतं. १८९५ ला उत्तर इंग्लंडमधल्या क्लबांनी हडर्सफील्डच्या एका हॉटेलात बैठक घेऊन फुटून निघायचं ठरवलं. तिथले खेळाडू खाणीत आणि गिरणीत राबणारे. शनिवारी खेळायला गेले की मजुरी बुडायची, ती भरून द्या एवढंच त्यांचं मागणं होतं, आणि हौशीपणाच्या नावाखाली ते नाकारलं गेलं. त्यातून पुढे तेरा खेळाडूंचा रग्बी लीग झाला, पंधरा खेळाडूंचा तो युनियन. १९०८ ला लीग सिडनीत सुरू झाला आणि कामगार वस्त्यांनी तो आपला मानला. गिरणीत हजेरी लावून कबड्डी खेळलेल्या माणसाला या फुटीत कुणाची बाजू बरोबर होती हे सांगावं लागत नाही.

आता पर्थ. २०१७ च्या ऑगस्टमध्ये वेस्टर्न फोर्सला काढल्याचं जाहीर झालं तेव्हा दोन गोष्टी एकदम घडल्या. लोखंडाच्या खाणींतून श्रीमंत झालेले अँड्र्यू फॉरेस्ट उभे राहिले, हे तुम्ही वाचलंच. पण त्यांच्या आधी आणि त्यांच्या बरोबर पर्थचे लोक निळ्या जर्सी घालून रस्त्यावर आले होते. कोर्टात गेले, हरले. प्रकरण ऑस्ट्रेलियाच्या संसदेत सिनेटच्या चौकशीपर्यंत पोहोचलं. फॉरेस्ट यांनी संघ जिवंत ठेवण्यासाठी आशिया-पॅसिफिकमध्ये स्वतःची वेगळी स्पर्धाच काढली. २०२० ला कोरोनामुळे परदेशचे संघ येऊ शकेनात, देशांतर्गत स्पर्धा करायची तर पाचवा संघ हवा होता, तेव्हा फोर्सला परत बोलावलं. ज्यांनी काढलं त्यांनीच.

म्हणजे धनी मिळाला हे खरं, पण धनी तिथे आला जिथे माणसं आधीच उभी होती. पर्थ सिडनीपासून विमानाने पाच तासांवर, बाकी देशापासून तुटलेलं. आमच्याकडे दुर्लक्ष होतं ही त्या लोकांची जुनी खंत. खानदेशातल्या माणसाला ही खंत वेगळी समजावून सांगायला नको, मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रात आपला जिल्हा कधी येतो ते आपण जाणतो. इंग्लंड आणि दक्षिण आफ्रिकेतून आलेली पुष्कळ कुटुंबं पर्थमध्ये आहेत, त्यांच्या घरात रग्बी होताच. मेलबर्नला रेबल्सच्या जुन्या संचालकांनीही संघ वाचवण्याचा प्रस्ताव दिला होता, बाहेरचा पैसा आणू म्हणाले होते. रग्बी ऑस्ट्रेलियाला त्या पैशाचा भरवसा वाटला नाही. मला विचाराल तर आणखी एक हंगाम द्यायला हवा होता. बाद फेरीत आलेल्या संघाला एक वर्ष मागायचा हक्क असतो.

फोर्सबद्दल एक काळजी मात्र बोलून दाखवतो. एका माणसाच्या खिशावरचा संघ आणि एका गिरणीवरचा संघ यांत फरक थोडा आहे. पर्थमध्ये २०२७ पासून रग्बी लीगचाही संघ येतो आहे, बेअर्स. तेव्हा निळ्या जर्सीवाल्या लोकांची खरी कसोटी लागेल.

प्रश्न : सर, मी कॉलेजात शिकते आणि विद्यापीठाच्या रग्बी संघात खेळते. आधी कबड्डी खेळायचे. वडील शेती करतात. ऑस्ट्रेलियातसुद्धा संघ बंद पडतात तर आपल्याकडे या खेळात भविष्य काय, असं घरी विचारतात. काय सांगू?
— एक विद्यार्थिनी, शहादा

उत्तर : पोरी, तुझं पत्र सगळ्यात शेवटी ठेवलं कारण ते मला सगळ्यात जवळचं आहे. वडिलांचा प्रश्न रास्त आहे, त्यांच्यावर रागावू नकोस.

घरी हे सांग. तू बहुधा सात खेळाडूंचा प्रकार खेळत असशील, आपल्या विद्यापीठांत तोच जास्त चालतो. तो २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे, आणि महिलांचं पहिलं सुवर्ण ऑस्ट्रेलियाच्या मुलींनी रिओत जिंकलं. तिथे महिलांची सुपर डब्ल्यू ही स्पर्धा २०१८ ला सुरू झाली. त्या मुलींनी नोकऱ्या सांभाळून खेळत ती उभी केली. २०२५ ला लंडनमध्ये महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला ८० हजारांवर लोक होते. म्हणजे ज्या काळात पुरुषांचे क्लब कर्जात बुडाले, त्याच काळात मुलींचा खेळ वाढला आहे.

आता आपल्याकडचं. जून २०२५ मध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला, सहा संघ, पण पुरुषांचे. उद्या मुलींची लीग निघाली तर आनंदाने जा, मात्र लीग म्हणजे कायमची नोकरी असं कधी धरू नकोस. हॉकी इंडिया लीग २०१३ ला निघाली, २०१७ नंतर बंद होती, कितीतरी वर्षांनी पुन्हा सुरू झाली. फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगचा २०२५ चा हंगाम कराराच्या घोळात ठरल्या वेळी सुरूच झाला नाही, आणि काही क्लबांनी पगार थांबवले. कबड्डीची लीग २०१४ पासून टिकली, कारण गावोगाव मैदानं होती आणि बघणाऱ्याला खेळ आधीपासून कळत होता.

तू करायचं ते इतकंच. राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांची प्रमाणपत्रं एका फायलीत जपून ठेव, खेळाच्या राखीव जागांसाठी तीच बघतात, आणि खेळ नियमात बसतो का हे अर्ज करण्याआधी क्रीडा कार्यालयात जाऊन लेखी विचार. पदवी पूर्ण कर. जमलं तर पंच किंवा प्रशिक्षकाचा कोर्स कर, रग्बीत अशी माणसं आपल्या तिन्ही जिल्ह्यांत बोटावर मोजण्याइतकी आहेत. कबड्डीतली तुझी पकड रग्बीत कामाला येते, पण पकडताना डोकं समोरच्याच्या अंगाच्या आडवं जाऊ देऊ नकोस, बाजूला ठेव. कबड्डीवाल्या मुली तिथेच मानेला मार खातात. गमशिल्डशिवाय, म्हणजे दातांवर बसवायच्या कवचाशिवाय, सरावालासुद्धा उतरू नकोस. आणि शहाद्याच्या आसपासच्या ज्या शाळेत मैदान आहे, तिथे रविवारी लहान मुलींना चेंडू घेऊन बोलाव. चेंडूसाठी अडलं तर मला पत्र लिही.

— आप्पा, अमळनेर